जनरल मोटर्स : शंभर वर्षांचा पसारा आणि मालकांची गाऱ्हाणी

डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेतील ‘जनरल मोटर्स’च्या विक्रेत्यांकडे कंपनीचे एक तांत्रिक पत्रक आले. चालक ठेंगणा असेल आणि त्याच्या किल्ल्यांचा जुडगा जड असेल, तर मोटार धावत असतानाच तिचे इंजिन बंद पडण्याचा संभव आहे, असे त्यात म्हटले होते. ठेंगण्या चालकाचे आसन पुढे ओढलेले असते, त्याचा गुडघा जुडग्याला लागतो आणि किल्ली मागे सरकते, असा त्यामागचा विचार होता. उपायही सोपा होता. ग्राहकाने जुडग्यातील अनावश्यक वस्तू काढून टाकाव्यात, असे त्याला सांगायचे. या पत्रकाला नऊ वर्षे होत आली तेव्हा, म्हणजे २०१४ मध्ये, याच दोषापायी कंपनीला अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहावे लागले आणि मृतांचा मान्य झालेला आकडा अखेर १२४ वर गेला.

त्या काळी जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी असलेल्या संस्थेला दोष मोटारीत दिसण्याआधी मालकाच्या जुडग्यात दिसावा, हे वरकरणी अविश्वसनीय वाटते. परंतु या कंपनीचा इतिहास चाळला तर त्यात एक धागा सतत सापडतो. मोटारीतील उणीव मालकाला आधी कळते, मग दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला, मग वकिलाला, आणि कंपनीच्या वरच्या मजल्यावर ती सर्वांत शेवटी पोहोचते.

‘जनरल मोटर्स’ची स्थापना १६ सप्टेंबर १९०८ रोजी झाली. तिचा संस्थापक विल्यम ड्युरंट हा अभियंता नव्हता. मिशिगन राज्यातील फ्लिंट या गावी घोडागाड्या बनवून विकण्याच्या धंद्यात त्याने पैसा आणि नाव कमावले होते. १९०४ मध्ये त्याने अडचणीत आलेली ‘ब्युइक’ कंपनी हाती घेतली आणि पुढे ओल्ड्समोबाइल, कॅडिलॅक अशा एकेक कंपन्या विकत घेऊन एका छत्राखाली आणल्या. खरेदीचा हा सपाटा कर्जावर चालला होता, त्यामुळे १९१० मध्ये बँकांनी त्याला बाजूला केले. हा गृहस्थ मात्र स्वस्थ बसणारा नव्हता. शर्यतीत मोटारी चालवणाऱ्या लुई शेव्हर्ले याला हाताशी धरून त्याने १९११ मध्ये नवी कंपनी काढली, तिच्या जोरावर १९१६ पर्यंत ‘जनरल मोटर्स’ परत मिळवली आणि १९२० मध्ये ती पुन्हा गमावली. अखेरच्या दिवसांत तो फ्लिंटमध्ये बोलिंगच्या खेळाचे एक केंद्र चालवत होता. १९४७ मध्ये त्याचे निधन झाले.

ड्युरंटने पसारा उभा केला, त्याला शिस्त लावली ती आल्फ्रेड स्लोन याने. १९२३ मध्ये अध्यक्षपदी आलेल्या स्लोनसमोर हेन्री फोर्ड होता. फोर्डची ‘मॉडेल टी’ स्वस्त होती, टिकाऊ होती आणि बरीच वर्षे फक्त काळ्या रंगात मिळत होती. स्वस्ताईत तिच्याशी झुंजणे कठीण, हे ओळखून स्लोनने शिडी रचली. तळाशी शेव्हर्ले, मग पाँटिॲक, ओल्ड्समोबाइल, ब्युइक आणि सर्वांत वर कॅडिलॅक. प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक गरजेला एक मोटार, हे त्याचे सूत्र. पगार वाढला की माणसाने एक पायरी चढावी, पण शिडी कंपनीचीच असावी. जवळ रोख रक्कम नसेल तर हप्ते बांधून देणारी वित्तसंस्था कंपनीने १९१९ मध्येच काढली होती. १९२७ मध्ये हार्ली अर्ल याच्या हाताखाली मोटारीचे रूप आणि रंग ठरवणारा स्वतंत्र विभाग आला आणि दरवर्षी नवे रूप बाजारात आणण्याची प्रथा रुजली.

आजच्या मोबाइलच्या बाजारात वावरणाऱ्या वाचकाला हे तंत्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यात ग्राहकाचा लाभही होता, हे मान्य केले पाहिजे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आलेल्या चार्ल्स केटरिंग याच्या विजेच्या स्टार्टरमुळे दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याची, आणि तो उलटा फिरून मनगट मोडून घेण्याची, पाळी टळली. आपोआप गिअर बदलणारी मोटार सर्वसामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात प्रथम आणली तीही याच कंपनीने, १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये. पण स्लोनच्या रचनेत मालक हा मुख्यतः पुढच्या मोटारीचा गिऱ्हाईक होता. हाती असलेली मोटार दहा वर्षे कशी चालेल, हा प्रश्न तिच्यात दुय्यमच राहणार होता.

या विस्ताराच्या काळात कंपनी मुंबईतही आली. १९२८ मध्ये शिवडी येथे तिने जुळणीचा कारखाना काढला. बोटीने आलेले सुटे भाग येथे जोडून मोटारी आणि ट्रक तयार होत. स्वतंत्र भारताच्या सरकारने, केवळ जुळणी नको, भाग येथेच बनवा, असा आग्रह धरल्यावर परदेशी कंपन्यांनी काढता पाय घेतला. ‘जनरल मोटर्स’ने १९५४ मध्ये मुंबईचा कारखाना बंद केला. भारतातून तिचे हे पहिले निर्गमन. शेवटचे मात्र नव्हे.

अमेरिकेत तो कंपनीच्या भरभराटीचा काळ होता. १९५३ मध्ये तिचे अध्यक्ष चार्ल्स विल्सन यांची संरक्षणमंत्रिपदासाठी निवड झाली. देशाच्या हिताचे ते ‘जनरल मोटर्स’च्या हिताचे आणि उलटही तितकेच खरे, अशा आशयाचे त्यांचे उत्तर गाजले. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दोन मोटारींपैकी जवळपास एक या कंपनीची असे.

याच सुमारास ‘शेव्हर्ले कॉर्वेअर’ रस्त्यावर आली. १९६० च्या या मोटारीचे हवेने थंड होणारे इंजिन मागे होते. साहजिकच वजनही मागे. वळणावर तोल राहावा म्हणून पुढच्या टायरांत हवेचा दाब दर चौरस इंचाला १५ पौंड आणि मागच्या टायरांत २६ पौंड ठेवावा, अशी कंपनीची सूचना होती. आता पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याला हे कोण सांगणार? तो नेहमीच्या सवयीने चारही चाकांत सारखी हवा भरी. मागची घसरण आवरण्यास मदत करणारी पुढची आडवी दांडी सर्व गाड्यांवर बसवणे खर्चापायी टाळले गेले होते. ती १९६४ च्या गाड्यांवर आली. तोपर्यंत अपघातग्रस्त मालकांचे शंभराहून अधिक दावे न्यायालयांत उभे राहिले होते.

१९६५ च्या नोव्हेंबरात राल्फ नेडर या तरुण वकिलाचे मोटारींच्या सुरक्षिततेवरील पुस्तक निघाले. त्याचे पहिले प्रकरण कॉर्वेअरवर होते. कंपनीने उत्तर कसे द्यावे? तिने नेडर यांच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. हे उघडकीस आल्यावर मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली आणि त्याच वर्षी अमेरिकेत मोटार सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा झाला. पुढे १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांनी कॉर्वेअर तिच्या काळातील तत्सम मोटारींपेक्षा अधिक धोकादायक नसल्याचा निष्कर्ष काढला, हेही नोंदवले पाहिजे. तोवर उशीर झाला होता. १९६९ मध्येच तिचे उत्पादन थांबले होते.

त्यानंतरच्या मोटारींबाबत मालकांना सरकारी चाचण्यांची वाट पाहावी लागली नाही. १९७० च्या अखेरीस आलेल्या ‘शेव्हर्ले व्हेगा’चे ॲल्युमिनियमचे इंजिन तापे, तेल खाई आणि पत्रा गंजे. ती जेथे बने त्या ओहायो राज्यातील लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात तासाला शंभर मोटारींचा वेग होता. त्याला कंटाळून १९७२ मध्ये कामगारांनी संप केला. १९७८ मध्ये ओल्ड्समोबाइलचे डिझेल इंजिन आले. पेट्रोल इंजिनाच्या आराखड्यावरून ते विकसित केले होते. डिझेलमध्ये दाब बराच जास्त असतो, पण इंजिनाचे डोके आवळणाऱ्या बोल्टांची मांडणी जुनीच ठेवली गेली. इंधनातील पाणी वेगळे करणारा भागही दिला नव्हता. बोल्ट ढिले पडत, गॅस्केट जाई आणि मालक पुन्हा पुन्हा त्याच दुरुस्तीसाठी रांगेत उभा राही. अशा अनुभवांनी त्रासलेल्या ग्राहकांच्या रेट्यातून अमेरिकेतील राज्यांनी ‘लेमन लॉ’ केले. एकच दोष वारंवार दुरुस्त करूनही जात नसेल, तर कंपनीने मोटार बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, हे त्यांचे सार. असा पहिला कायदा कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये केला. खोट निघालेल्या वस्तूला अमेरिकी बोलीत ‘लिंबू’ म्हणतात, म्हणून हे नाव.

मालकाला मान दिला तर काय घडते, हेही याच कंपनीने दाखवून दिले होते. जपानी मोटारींशी टक्कर देण्यासाठी तिने ‘सॅटर्न’ नावाची जवळजवळ स्वतंत्र कंपनी काढली. टेनेसी राज्यातील स्प्रिंग हिलच्या कारखान्यातून १९९० मध्ये पहिली सॅटर्न बाहेर पडली. किंमत ठरलेली, घासाघीस नाही. १९९१ मध्ये इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात खराबी आढळली, तेव्हा सॅटर्नने दुरुस्तीच्या भानगडीत न पडता अठराशेहून अधिक गाड्या सरळ बदलून दिल्या. मोटार म्हणून सॅटर्न काही असामान्य नव्हती. तरीही १९९४ मध्ये कंपनीने मालकांना कारखाना पाहण्यास बोलावले, तेव्हा चाळीस हजारांवर माणसे आपापल्या गाड्या घेऊन स्प्रिंग हिलला लोटली. एवढे प्रेम ‘जनरल मोटर्स’च्या दुसऱ्या कोणत्याही नावाला त्या काळात लाभले नसेल. पुढे नव्या मॉडेलांसाठी पैसा मिळेनासा झाला, स्वतंत्र कारभार मूळ कंपनीत विरघळला आणि २००९ मध्ये सॅटर्न बंद झाली.

‘ईव्ही १’ या विजेच्या मोटारीची कथा याहून चमत्कारिक आहे. १९९६ ते १९९९ या काळात अशा १,११७ मोटारी बनल्या आणि त्या केवळ भाडेकराराने दिल्या गेल्या. करार संपल्यावर कंपनीने त्या परत घेतल्या. वापरणाऱ्यांनी विनवण्या केल्या, विकत घेण्याची तयारी दाखवली, २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील बरबँक येथे उरलेल्या गाड्यांबाहेर पहारा दिला. कंपनीने सुटे भाग व देखभालीच्या अडचणी पुढे केल्या. काही गाड्या निकामी करून संग्रहालयांना दिल्या आणि बहुतेकींचा चेंदामेंदा केला. ज्या मोटारीसाठी लोक रात्रभर जागत होते तिचे मालक होणे मात्र कोणालाच शक्य नव्हते.

नोव्हेंबर २००८ मध्ये तीन बड्या मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागायला खासगी विमानांनी वॉशिंग्टनला गेले आणि हसे करून घेऊन परतले. १ जून २००९ रोजी ‘जनरल मोटर्स’ने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९३१ पासून सांभाळलेला विक्रीतील जागतिक अग्रक्रम ती आधीच्याच वर्षी टोयोटाकडे गमावून बसली होती. सरकारने सुमारे ४,९५० कोटी डॉलर ओतले, जुलैमध्ये ‘नवी’ कंपनी उभी राहिली आणि जुनी देणी ‘जुन्या’ कंपनीकडे राहिली. या कायदेशीर विभागणीचा अर्थ मालकांना पाच वर्षांनी कळणार होता.

आता त्या किल्लीकडे वळू. ‘सॅटर्न आयन’ आणि ‘शेव्हर्ले कोबाल्ट’ या स्वस्त मोटारींतील इग्निशन स्विचचा खटका ठरलेल्या मापापेक्षा सैल होता. रस्त्यावरचा धक्का, गुडघ्याचा स्पर्श किंवा जुडग्याचे वजन एवढ्यानेही किल्ली ‘चालू’वरून मागे सरके. मग इंजिन बंद पडे, स्टिअरिंग आणि ब्रेक जड होत आणि मुख्य म्हणजे एअरबॅगची व्यवस्था निकामी होई. म्हणजे अपघाताला कारण तेच आणि अपघातातील संरक्षण काढून घेणारेही तेच. मालकांच्या तक्रारी येत होत्या. २००५ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांत मोटारींची परीक्षणे लिहिणाऱ्यांनीही हा अनुभव छापला होता. कंपनीत मात्र इंजिन बंद पडणे हा ‘ग्राहकाच्या सोयीचा’ विषय म्हणून नोंदवला गेला, सुरक्षिततेचा नव्हे. एकदा ते खाते ठरल्यावर दुरुस्तीचा खर्च परवडतो का, हाच प्रश्न उरला. एअरबॅग का उघडत नाहीत याचा शोध घेणारे अभियंते वेगळ्या विभागात होते. किल्लीचा आणि एअरबॅगचा संबंध त्यांना वर्षानुवर्षे जोडता आला नाही.

तो जोडला गेला कंपनीबाहेर. २०१० मध्ये जॉर्जिया राज्यात कोबाल्ट चालवणाऱ्या एका तरुणीचा अपघाती मृत्यू झाला. तिच्या कुटुंबाच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने अपघातग्रस्त गाडीचा स्विच आणि बाजारातून आणलेला नवा स्विच शेजारी शेजारी ठेवून तपासले. दोन्हींवर भाग क्रमांक एकच, पण नव्यातील खटक्याची दांडी किंचित लांब आणि खटका घट्ट. कंपनीच्या अभियंत्याने २००६ मध्ये भाग सुधारला होता, क्रमांक तोच ठेवला होता आणि रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांविषयी कोणालाही काही कळवले नव्हते. मोटारीच्या धंद्यात भाग बदलला की क्रमांक बदलतो, हा अगदी प्राथमिक नियम. तो मोडल्यामुळे शोध घेणाऱ्यांचीही दिशाभूल झाली.

फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलावण्यास सुरुवात झाली आणि या स्विचपायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मेरी बारा यांनी प्रमुखपद स्वीकारून तेव्हा महिनाच झाला होता. स्विचची किंमत ५७ सेंट, हा आकडा काँग्रेसच्या सुनावणीत सर्वांच्या लक्षात राहिला. कंपनीनेच नेमलेल्या अँटन वालुकस यांच्या अहवालात मात्र त्याहून बोलका तपशील आहे. बैठकीत सर्वांनी माना डोलवायच्या आणि बाहेर पडल्यावर कोणी काहीच करायचे नाही, या प्रकाराला कंपनीत ‘जीएम नॉड’ असे नावच पडले होते. लेखी अहवालांत ‘दोष’ यासारखे शब्द टाळा, असे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले जाई. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांशी परिचय असलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही.

कंपनीने सुरुवातीला १३ मृत्यू मान्य केले होते. नुकसानभरपाईसाठी ४,३४२ अर्ज आले, ३९९ मान्य झाले, त्यांत १२४ मृत्यूंचे होते. फौजदारी कारवाई टाळण्यासाठी सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरले. या भरपाईबाहेर न्यायालयात गेलेल्या मालकांना, तुमची मोटार ‘जुन्या’ कंपनीची, असे उत्तर मिळाले होते. ज्यांना दोषाची कल्पनाच दिली नव्हती त्यांच्याविरुद्ध दिवाळखोरीची ढाल वापरता येणार नाही, असे २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले.

त्यानंतर काही बदलले का? ‘शेव्हर्ले बोल्ट’ या विजेच्या मोटारीच्या बॅटरीला आग लागण्याच्या घटना घडल्यावर कंपनीने २०२१ मध्ये तोपर्यंत बनलेल्या सुमारे १ लाख ४२ हजार बोल्ट परत बोलावल्या. बॅटऱ्या बदलून मिळेपर्यंत मालकांना गाडी उघड्यावर उभी करण्याचा आणि ९० टक्क्यांवर चार्ज न करण्याचा सल्ला होता. काही गाड्या कंपनीने विकत परत घेतल्या. गैरसोय मोठी होती. पण दोष मान्य करायला या वेळी दहा वर्षे लागली नाहीत, एवढा फरक निश्चित दिसतो.

भारतातील मालकांचा अनुभव निराळ्या जातीचा आहे. येथे प्रश्न कंपनी टिकण्याचा होता. १९९४ नंतर ती हिंदुस्थान मोटर्सच्या भागीदारीत परतली आणि गुजरातमधील हालोल येथे ओपेल ॲस्ट्रा, मग कोर्सा बनू लागली. २००३ मध्ये ‘शेव्हर्ले’ हे नाव आणले गेले आणि २००६ मध्ये ओपेल हे नाव गुंडाळले गेले. अमेरिकी म्हणून विकली गेलेली शेव्हर्ले पुष्कळदा कोरियन होती. ‘ऑप्ट्रा’ आणि ‘स्पार्क’ या देवू कंपनीच्या मोटारी, आणि स्पार्क म्हणजे भारतात आधी विकल्या गेलेल्या मॅटिझचीच पुढची आवृत्ती. देवू बुडाल्यावर पोरक्या झालेल्या मॅटिझच्या मालकाने विश्वासाने स्पार्क घेतली असेल, तर त्याच्यावर तीच वेळ दोनदा आली.

प्रवासी वाहतूक करणाऱ्यांची आवडती ‘टवेरा’ २०१३ मध्ये वादात सापडली. प्रदूषण चाचणीसाठी निवडक इंजिने वापरणे, वजनाच्या नोंदीत फेरफार करणे, असे प्रकार आपल्याच कर्मचाऱ्यांनी केल्याचे कंपनीने सरकारला कळवले आणि २००५ ते २०१३ मधील १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या. त्या वेळी सक्तीने गाड्या परत बोलावण्याचा कायदा आपल्याकडे नव्हता. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सरकारला तो अधिकार मिळाला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले.

पुण्याजवळ तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला होता. मे २०१७ मध्ये, बाजारातील वाटा एक टक्क्याखाली असताना, कंपनीने भारतातील विक्री वर्षअखेर थांबवण्याची घोषणा केली. तळेगावातून निर्यात सुरू राहिली, तीही डिसेंबर २०२० मध्ये संपली. हजाराहून अधिक कामगार बेकार झाले आणि त्यांचा लढा न्यायालयांत चालू राहिला. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीला कारखाना विकण्याचा करार परवानग्यांअभावी २०२२ मध्ये बारगळला. अखेर ह्युंदाईने २०२३ मध्ये करार केला आणि जानेवारी २०२४ मध्ये ताबा घेतला. तो व्यवहार जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा होता.

मालकांना हमी, सेवा आणि सुटे भाग पुरवत राहण्याचे आश्वासन कंपनीने जाताना दिले होते. पण विक्रीच नसल्यावर दालने बंद होत गेली आणि जुन्या बाजारात या गाड्यांचे भाव उतरले. फिल्टर, ब्रेकचे पॅड यांसारख्या रोजच्या भागांसाठी बाहेरचे पर्याय असतात, खरी अडचण येते ती पत्र्याच्या आणि इलेक्ट्रॉनिक भागांची. २००७ मध्ये घेतलेल्या पहिल्या स्पार्क गाड्यांच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२२ मध्ये पूर्ण झाली. त्यापुढे गाडी ठेवायची तर ती तंदुरुस्त असल्याचे आरटीओला दाखवून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्याआधी लागणारे भाग कोठे मिळतील याची चौकशी मालकालाच करावी लागते.